तुम्ही विचारलंत म्हणून: कुठलं क्रेडिट कार्ड घेऊ?

बँकेतून निवृत्त होऊन मला सहा वर्षं झाली, तरी लग्नाच्या पंगतीत मठ्ठा वाढून होत नाही तोच कुणीतरी खुर्ची सरकवतं आणि विचारतं, "काकू, कुठलं क्रेडिट कार्ड घेऊ? पॉइंट कुठे जास्त मिळतात?" जेवता जेवता दिलेलं उत्तर अर्धवटच राहतं, म्हणून एकदा नीट लिहिते.

पॉइंटांचं नंतर बघू. पैसे अडकले तर ती बँक तुमच्यासाठी भांडेल का, हे मी आधी बघते.

तीन वर्षांपूर्वी आम्ही मैत्रिणींनी अंदमानची सहल ठरवली. माझे 38,400 रुपये मी कार्डावर भरले, दोघींनी थेट कंपनीच्या खात्यात पाठवले. निघायच्या आठवडाभर आधी कंपनीच्या कार्यालयाला कुलूप. त्या दोघी पोलीस चौकीच्या खेपा घालत राहिल्या. मी बँकेला लिहिलं, 'सेवा मिळालीच नाही, व्यवहार मान्य नाही.' सोबत पावती, ईमेल आणि कुलपाचा फोटोही जोडला. आधी छापील नकार आला. मी पुन्हा लिहिलं. अडीच महिन्यांनी पैसे परत आले. याला चार्जबॅक म्हणतात. तुमची बँक दुकानदाराच्या बँकेकडून पैसे मागे मागते. व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे, तिघांच्याही नियमांत ही सोय आहे, पण तिला मुदत असते. 'पुढच्या आठवड्यात देतो' म्हणणाऱ्या दुकानदारावर विसंबून ती घालवू नका.

लंडनच्या माझ्या मावसबहिणीला या गोष्टीचं नवल वाटलं नाही. तिकडे 1974 च्या ग्राहक कर्ज कायद्यात कलम 75 आहे. वस्तूची किंमत 100 पौंडांच्या वर आणि 30,000 पौंडांपर्यंत असेल, तर विक्रेत्याइतकीच कार्ड देणारी कंपनीही जबाबदार. आपल्याकडे असं कलम नाही, म्हणून बँकेची तक्रार ऐकण्याची दानत जास्त महत्त्वाची ठरते.

चोरीच्या व्यवहारांचं मात्र आपल्याकडेही बरंच स्पष्ट आहे. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक ना तुमची ना बँकेची, कुणा तिसऱ्यानंच डल्ला मारला आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तुम्ही 3 कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर एक रुपयाही पडत नाही. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलंत तर 5 लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या कार्डावर जास्तीत जास्त 10,000 रुपये. त्यानंतर बँकेचं धोरण असेल तसं. ओटीपी स्वतःच सांगून बसलात तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचंच. आणि इथे डेबिट कार्डापेक्षा क्रेडिट कार्ड बरं, कारण भांडण चालू असताना तुमच्या खात्यातला पगार जागेवर असतो.

म्हणून कार्ड घेण्याआधी एक करा. त्या बँकेच्या हेल्पलाइनला रात्री साडेदहाला फोन लावा. माणूस भेटायला किती बटणं दाबावी लागतात ते मोजा. ज्यांच्याकडे त्या बँकेचं कार्ड आहे त्यांच्या फोनवर ॲप बघा: कार्ड क्षणात बंद करता येतं का, परदेशी आणि ऑनलाइन व्यवहारांची मर्यादा वेगळी ठेवता येते का, व्यवहार नाकबूल करायचा फॉर्म सापडतो का. तक्रार करून 30 दिवसांत बँकेनं उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फुकट.

आता पॉइंट. पुतण्याला मी पाकिटाच्या पाठीवर हिशेब करून दाखवला. महिन्याला 25,000 खर्च, म्हणजे वर्षाला 3 लाख. कार्ड खरोखर 1 टक्का परत देत असेल तर 3,000 रुपये. वार्षिक फी 1,499, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1,769. उरले 1,231. एका महिन्याचं 25,000 चं बिल महिनाभर थकलं, व्याज महिन्याला साडेतीन टक्के, तर 875 आणि त्यावर जीएसटी, मिळून हजाराच्या वर. उशिराचा दंड वेगळा. झाली वर्षाची कमाई साफ! शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरला की सुटलो, असं वाटणारी माणसं मी काउंटरवर फार पाहिली.

वर्षाला 30 टक्क्यांहून जास्त व्याज घेणं गैर, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगानं 2008 मध्ये म्हटलं होतं. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला. त्यामुळे त्या भिंतीचा आता आधार नाही.

'शंभर रुपयांना 2 पॉइंट' ऐकून हुरळू नका. पॉइंट 25 पैशांचा असेल तर तो अर्धा टक्का झाला. पेट्रोल, घरभाडं, विमा यांवर बहुतेक कार्डं पॉइंट देत नाहीत किंवा हात आखडता घेतात. विमानतळावरच्या लाउंजसाठीही आता बऱ्याच ठिकाणी आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च लागतो. वर्षातून एकदा नागपूरला जाणाऱ्यानं त्यासाठी फी भरू नये, डबा न्यावा.

माझ्याकडे दोन कार्डं आहेत. एक विनाफी रुपे, यूपीआयला जोडलेलं, वाण्याकडे चालतं. दुसरं फीवालं, मोठ्या खरेदीला आणि तिकिटांना. त्याचे पॉइंट यंदा बँकेनं निम्मे केले, म्हणून बंद करायला टाकतेय. बाकी काही थकलेलं नसताना 7 कामकाजाच्या दिवसांत बंद केलं नाही, तर बँकेनं मला रोजचे 500 रुपये द्यायचे, असा नियम आहे. आज पाचवा दिवस. मी काही आठवण करून देणार नाही.