आमची वाटचाल: सहारच्या कार्गोत स्वतःच्या धंद्याची तेवीस वर्षं

१९९६ ला मी सहारला, म्हणजे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या भागात, एका सीएचएकडे लागलो तेव्हा माझं काम काय, तर फाइल घेऊन पळायचं. सीएचए म्हणजे कस्टम हाउस एजंट, लोकांचा माल कस्टम्समधून सोडवून देणारा, आता कागदावर त्याला कस्टम्स ब्रोकर म्हणतात पण सहारला अजून सगळ्यांच्या तोंडी सीएचएच आहे. गळ्यात एच कार्ड म्हणजे कस्टम्सचं ओळखपत्र, हातात शिपिंग बिलाच्या, म्हणजे निर्यातीच्या कस्टम्स कागदाच्या प्रती, आणि शेडमध्ये आपला माल कुठल्या कोपऱ्यात पडलाय ते शोधत फिरायचं. घरी कणकवलीला सांगितलं होतं की एअरपोर्टवर नोकरी लागली, त्यामुळे गावात दोन वर्षं लोक समजत होते मी विमानातच असतो.

२००३ ला स्वतःचं फॉरवर्डिंग सुरू केलं, म्हणजे लोकांचा माल विमानाने परदेशी पाठवून द्यायचा धंदा. मेव्हणा पार्टनर, मरोळला दहा बाय बाराची खोली, एक फॅक्स आणि एक सेकंडहँड कॉम्प्युटर जो पावसाळ्यात चालू व्हायचाच नाही. आयाटाची, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेची एजन्सी नव्हती, तिला बँक गॅरंटी लागते आणि आमच्या खात्यात तेव्हा गॅरंटी देण्यासारखं काही नव्हतं. मग मोठ्या कन्सोलवाल्याकडून, म्हणजे अनेकांचा माल एकत्र करून पाठवणाऱ्याकडून जागा घ्यायची, मास्टर एअरवे बिल (विमानाच्या मालाची मुख्य पावती) त्याचं आणि त्याच्याखाली आमचं हाउस बिल, किलोमागे दोन-तीन रुपये सुटायचे, कधी तेही नाही.

पहिल्या वर्षी पेणच्या एका मूर्तिकाराचं काम आलं. अमेरिकेतल्या एका मंडळासाठी शाडूची मूर्ती, पॅकिंगसकट नऊ किलो. पार्टीने स्वतःच थर्माकोल ठासून भलामोठा खोका आणला, साठ बाय पन्नास बाय सत्तर सेंटिमीटर. आता एअरलाइनचा हिशोब असा की लांबी रुंदी उंची गुणायची, सहा हजाराने भागायचं, जे येईल ते आणि काट्यावरचं वजन यातलं जे जास्त त्याचे पैसे. भागाकार आला पस्तीस किलो. गृहस्थ भडकले, अहो बाप्पा नऊ किलोचे आणि पैसे पस्तीसचे, बाकीची सव्वीस किलो काय हवा पाठवतोय का मी? मी म्हटलं हो काका, हवाच पाठवताय, विमानात तिलाच जागा लागते. मग रात्री मरोळला आम्ही दोघांनी खोका कापला, मूर्तीला भाताचा पेंढा आणि फोम लावून पन्नास बाय चाळीस बाय साठमध्ये बसवली, वीस किलोवर आणली. मूर्ती पोचली, सोंड शाबूत. त्या काकांनी पुढे जी गिऱ्हाइकं पाठवली त्यावर आमची पहिली तीन वर्षं निघाली, जाहिरात वगैरे आम्ही कधी केलीच नाही.

नंतर औषधांचं काम आलं, बोईसर-तारापूर पट्ट्यातल्या कंपन्या, आणि वाशीहून आंबा. लोकांना वाटतं आंब्याचा धंदा म्हणजे दीड-दोन महिने चंगळ. तशी ती असतेही, पण त्या दीड-दोन महिन्यांत माझं वर्षभराचं ब्लड प्रेशर होऊन जातं. अमेरिकेचा आंबा वाशीला इरॅडिएशन करून, म्हणजे किरणांचा मारा करून जातो, युरोपचा गरम पाण्यात बुडवून, आणि सगळा वेळेशी बांधलेला. २०१४ ला युरोपने १ मे पासून आपल्या आंब्यावर बंदी घातली, फळमाशीमुळे, ऐन सीझनमध्ये. ती उठली जानेवारी २०१५ ला. तेव्हा आमची लंडनची बुकिंग एका दिवसात शून्य झाली आणि मी दुबईच्या रेटसाठी लोकांच्या हातापाया पडत होतो.

पण माझ्या मनातून न जाणारा आंबा २०१७ चा. लंडनसाठी सहाशे पेट्या, एकवीसशे किलो, पॅसेंजर विमानाच्या पोटात. लोकांना हे माहीत नसतं की जगातला साधारण निम्मा एअर कार्गो आपण बसतो त्याच विमानाच्या पोटातून जातो. आणि पोटात आधी कोणाचा मान, तर तुमच्या बॅगांचा. मे महिना, सुट्ट्या, प्रत्येकाच्या दोन दोन बॅगा, वजन वाढलं आणि आमचं पॅलेट, म्हणजे पेट्या रचून बांधलेली फळी, ऑफलोड झालं. मला पहाटे साडेचारला शेडवरच्या मुलाचा फोन, भाऊ आपला माल खालीच राहिला. पुढचं विमान दुसऱ्या रात्री. कोल्ड रूममध्ये जागा नव्हती असं सांगण्यात आलं, पॅलेट नेटसकट बाहेर, वर प्लास्टिक, आत हापूस. मी जाऊन हात लावला तर प्लास्टिकला आतून घाम सुटला होता आणि शेडमध्ये असा घमघमाट की जवळचे लोडर म्हणाले साहेब एक पेटी फोडूया का. लंडनला पोचला तेव्हा देठाशी पाणी सुटलेलं. खरेदीदाराने पैसे दिले नाहीत, एक्स्पोर्टरने माझ्या बिलातून कापले, मी एअरलाइनकडे क्लेम टाकला तर उत्तर आलं की नाशवंत मालाची जबाबदारी नाही. माँट्रियल कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे विमान कंपन्यांच्या जबाबदारीच्या आंतरराष्ट्रीय करारात, तेव्हा भरपाईची मर्यादा किलोमागे १९ एसडीआर (आयएमएफचं हिशोबाचं एकक) होती हे मला वकिलाकडून कळलं, पण ती भरपाई मिळवायला जेवढा वकील लागला असता तेवढा परवडला नसता. निम्मं आम्ही सोसलं, तीन हप्त्यांत. तेव्हापासून मी नाशवंत मालाला इन्शुरन्सचा कागद पाहिल्याशिवाय बुकिंग घेत नाही, कितीही जुनी पार्टी असो, आणि दोन पार्ट्या त्यावरून गेल्याही.

कोविडचं सांगताना मला जरा अवघड होतं. २३ मार्च २०२० पासून आंतरराष्ट्रीय पॅसेंजर फ्लाइट बंद, त्या नेहमीसारख्या परत सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडलं. विमानाचं पोटच गेलं, म्हणजे जागा गेली. आम्हाला वाटलं झालं, दुकान बंद. झालं उलटं, औषधांना विमान हवंच होतं आणि रेट असे की सकाळी दिलेला दुपारी चालेना, एअरलाइनवाले मेलवर लिहायचे की हा रेट दोन तासच. सीटवर खोकी बांधून विमानं जात होती. आमच्या आयुष्यातला सगळ्यात जास्त नफा त्या दीड वर्षातला आहे आणि त्याच काळात आमचा शेडवरचा एक जुना माणूस गेला. आंबा मात्र अमेरिकेला दोन सीझन गेलाच नाही, कारण तिकडचा इन्स्पेक्टर इकडे येऊ शकत नव्हता आणि त्याच्या सहीशिवाय पेटी हलत नव्हती.

आता खरं दुखणं सांगतो, जे कुठल्या सेमिनारमध्ये कोणी बोलत नाही. उधारी. २००९ ला आम्हाला आयाटा मिळाली, पेढे वाटले, आणि मग कळलं की एअरलाइनचे पैसे दर पंधरवड्याच्या बिलाने द्यायचे, एक दिवस उशीर चालत नाही, आणि आमची पार्टी देणार साठ दिवसांनी, मोठी कंपनी असेल तर नव्वद. मधलं अंतर कोण भरणार, मी. म्हणजे मी फॉरवर्डर कमी आणि बिनव्याजी बँक जास्त. त्यात १ ऑक्टोबर २०२२ पासून एक्स्पोर्टच्या एअर फ्रेटवरची जीएसटीची सूट संपली, १८ टक्के लागले. लोक म्हणतात भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळतं की, मिळतं हो, पण आज खिशातून जातात आणि परत कधी येतात ते माझ्या सीएला पण सांगता येत नाही. एका वर्षी काम दीडपट झालं आणि बायकोच्या बांगड्या गहाण होत्या. धंदा वाढला की पैसा अडकतो, हे मला कॉमर्स कॉलेजात कोणी शिकवलं नाही.

२०२५ ला नवीन प्रकार. अमेरिकेने ऑगस्टच्या शेवटी आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलची ड्युटी माफी काढून टाकली आणि आपल्या बऱ्याच मालावर ५० टक्के टॅरिफ लावलं. आमच्याकडे दिवाळीत फराळाची पार्सलं असतात, चकल्या करंज्या अनारसे, न्यू जर्सी आणि बे एरिया. आईने पोरीला पाठवलेल्या चिवड्याचा एचएस कोड, म्हणजे कस्टम्समधला मालाचा नंबर, शोधायची वेळ आली. निम्म्या लोकांनी बेत रद्द केला. एक आजी म्हणाल्या, ड्युटी चिवड्यावर आहे का माझ्यावर?

पुढे वाढ आहे का असं पोरं विचारतात. आहे. देशात वर्षाला साधारण ३७ लाख टन एअर कार्गो होतो आणि सरकारचं लक्ष्य २०३० पर्यंत एक कोटी टनाचं आहे. मला ते तेवढं होईल असं वाटत नाही, पण अर्धी वाढ झाली तरी आमच्यासारख्यांना पुरे. जगाच्या व्यापारात वजनाने एक टक्कासुद्धा माल विमानाने जात नाही पण किमतीने तिसरा हिस्सा जातो, म्हणजे जे महाग आणि घाईचं ते आपल्याकडे येणारच, औषधं, मशीनचे पार्ट, मोबाइल. अडचण विमानांची आहे. आपल्याकडून बाहेर जाणारा बहुतेक माल परदेशी एअरलाइन नेतात, आपल्या कंपन्यांकडे मालवाहू विमानं बोटावर मोजण्याइतकी. जोवर हे बदलत नाही तोवर रेट दुसऱ्याच्या हातात.

आणि नवी मुंबई. डिसेंबर २०२५ ला तिथून विमानं सुरू झाली, पहिल्या टप्प्यात पाच लाख टन कार्गोची सोय म्हणतात. वाशीचा आंबा मानखुर्दच्या ट्रॅफिकमध्ये माल द्यायची कटऑफ वेळ चुकवत सहारला आणायचा त्यापेक्षा हे केव्हाही बरं, तळोजा आणि पुण्याच्या पार्ट्या तर आत्तापासून विचारतायत तिथून कधी करताय. मी तिथल्या विमानतळाजवळ उलव्याला एक गाळा बघून आलो. भाडं परवडतं, डिपॉझिट जास्त आहे. मेव्हण्याचं म्हणणं वर्षभर थांबू, आधी किती फ्रेटर, म्हणजे मालवाहू विमानं, येतात ते बघू. मुलगी म्हणते थांबलात तर कोपऱ्यावरचा गाळा जाईल. ती आता बुकिंग बघते आणि माझ्यापेक्षा चांगला रेट काढते, त्यामुळे तिचं ऐकावं असं वाटतं. पण आमचा शेडवरचा सगळ्यात भरवशाचा मुलगा नालासोपाऱ्याला राहतो, त्याला सांगितलं तर त्याने एवढंच विचारलं, भाऊ, रात्री तीनला काम संपल्यावर तिथून घरी जायचं कसं? त्याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही.