वळीव, गेलेली लाईट आणि डिस्टिल्ड वॉटरचा कॅन

परवा संध्याकाळी आभाळ भरून आलं, आधी धूळ, मग वारा, मग टपोरे थेंब, आणि पहिल्या चार थेंबातच लाईट गेली. मे महिन्यात सांगलीत हे काय नवीन नाही. मी निवांत होते, इन्व्हर्टर आहे की! पंखे फिरतायत, सासूबाईंची मालिका चाललीय, आणि पंचवीस मिनिटांनी मशीन पीं पीं करून गप्प.

"अगं, तुझं ते झोपलं वाटतं," सासूबाई अंधारातनं.

टॉर्च शोधायला ड्रॉवरमध्ये हात घातला तर लागलं काय, रबरबँड, संपलेल्या गोळ्यांची पाकिटं, दोन लग्नपत्रिका आणि कशाचा कुणास ठाऊक असा एक चार्जर. टॉर्च पोराच्या क्रिकेटच्या बॅगेत निघाली, ती पण सकाळी. मोबाईल 11 टक्क्यांवर. देवघरातल्या काडेपेटीनं लाज राखली.

दुसऱ्या दिवशी बॅटरीची झाकणं काढून बघितली तर पाणी पार तळाला गेलेलं, आणि टर्मिनलवर हिरवट पांढरी बुरशीसारखी पावडर साठलेली. शेवटचं पाणी कधी घातलं ते ह्यांनाही आठवेना आणि मलाही. 12 व्होल्टची 150 एएचची (अँपिअर तासांची) बॅटरी, म्हणजे कागदावर 1800 वॅट तास. तीन साधे पंखे, चार एलईडी आणि वायफाय मिळून पावणेतीनशे वॅट धरले तर थोडं वाया जाऊनसुद्धा पाचेक तास चालायला पाहिजे, पण प्लेटा उघड्या पडल्यावर कसले पाच तास. आता पाच लिटरचा डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणलाय (आरओचं पाणी चालत नाही, ह्यांनी तेच ओतायला घेतलं होतं) आणि कॅलेंडरवर दूधवाल्याच्या खाडाखोडीशेजारी "बॅटरी" लिहून ठेवलंय. पाणी घालून आता तीन तास तरी निघतात. प्लेटा खराब व्हायच्या त्या झाल्याच.

पण खरं सांगू का, लाईट गेल्यावर उजेडापेक्षा पाण्याचं जास्त अडतं. मोटर बंद म्हणजे वरची टाकी रिकामी, आणि रात्रीची भांडी तशीच. त्यामुळं दुपारी चारला आभाळ काळवंडलं की आधी मोटर चालू, मग मिक्सरमध्ये काय वाटायचंय ते वाटून घ्यायचं. फ्रिज उघडायचा नाही, बंद ठेवला तर चारेक तास गारवा राहतो, हे पोराला तीनदा ओरडून सांगावं लागतं. सासूबाईंचं इन्सुलिन त्यातच असतं. जास्तच लांबलं तर प्लॅस्टिकच्या डब्यात घट्ट बंद करून माठाजवळ ओल्या फडक्यात ठेवायचं, ही त्यांचीच युक्ती.

आणि लाईट आली की लगेच नाचायचं नाही! मागच्या वर्षी आमच्या गल्लीत खांबावरची न्यूट्रलची तार तुटली होती, तेव्हा दोनशे तीसच्या जागी कुठं चारशेच्या घरात व्होल्टेज गेलं म्हणे, शेजारच्यांचा टीव्ही गेला आणि आमचा वाचला तो फक्त प्लग काढलेला होता म्हणून. तेव्हापासनं फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन सगळ्यांचे प्लग काढायचे, आणि लाईट येऊन दहा मिनिटं पंखा नीट फिरला की मगच लावायचे.

2019 च्या पुराची गोष्टच वेगळी. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, तेव्हा पाणी 57 च्या वर गेलेलं. आम्ही विश्रामबागेत म्हणून सुटलो, पण गावभागातले मामा-मामी आमच्याकडं आले ते अंगावरच्या कपड्यांनिशी. लाईटची डीपीच पाण्यात म्हटल्यावर तिकडं लाईट बंदच ठेवावी लागते, ती दिवसच्या दिवस. मामांची इन्व्हर्टरची बॅटरी जिन्याखाली जमिनीवर, ती सगळ्यात आधी बुडली. आणि मोबाईल बंद पडल्यावर मामीला स्वतःच्या लेकीचा नंबर पाठ नाही, बिचारी रडकुंडीला आली. तेव्हापासनं आमच्या फ्रिजवर दहा नंबर लिहिलेला कागद आहे, त्याच्यावर वरणाचे डाग पडलेत पण वाचता येतो.

टॉर्च आता दाराच्या मागच्या खिळ्याला दोरीनं बांधलीय. पोरगं म्हणतं, एसटी स्टँडवरच्या पेनासारखं दिसतं. दिसू दे.

काल परत गेली होती, पाऊण तास. सासूबाई भडंगाची वाटी घेऊन कट्ट्यावर बसल्या, मालिका चुकली त्याचं काही नाही, शेजारच्या काकूंनी अख्खा भाग तोंडी सांगितला.