स्ट्रायकर ही सोंगटी आहे का?

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगचं, म्हणजे प्रोग्रॅम वस्तू-वस्तूंनी रचायच्या पद्धतीचं, कुठलंही पुस्तक उघडा, चार पानं उलटली की कुत्रा भुंकतोच. आधी ‘प्राणी’ नावाचा क्लास (म्हणजे त्या जातीच्या वस्तूंचा साचा), मग त्याच्यापासून कुत्रा आणि मांजर, एक भुंकतं, एक म्यांव करतं, झालं इन्हेरिटन्स, एका क्लासचा दुसऱ्याला वारसा! वाचताना सगळं कळतं आणि पुस्तक मिटलं की हाती काही लागत नाही. कारण तो कुत्रा काही करतच नाही. स्क्रीनवर ‘भो भो’ एवढी एक ओळ छापतो आणि गप्प बसतो. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेशी माझा संबंध प्रॅक्टिकलच्या रीडिंगचे आलेख काढण्यापुरता. क्लास ही काय भानगड आहे ते मला कळलं कॅरममुळे.

कॅरम घेतला तो मुख्यतः आळसापोटी. त्यात चित्रकला जवळजवळ लागतच नाही. एक चौकोन, चार भोकं, बाकी सगळे गोल. पायथनबरोबर टीकिंटर हे खिडक्या-चित्रं काढायचं साधन फुकटात येतं, त्याच्या कॅनव्हासवर ‘क्रिएट ओव्हल’ म्हटलं की गोल तयार. (त्याला केंद्र आणि त्रिज्या दिलेली चालत नाही, गोलाभोवतीच्या चौकोनाचे दोन कोपरे द्यावे लागतात. असो.)

क्लासशिवाय हे लिहून पाहा म्हणजे गंमत कळेल. सोंगट्या १९: नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, एक राणी. सगळ्यांच्या आडव्या जागांची एक यादी, उभ्या जागांची दुसरी, दोन दिशांच्या वेगांच्या दोन, रंगांची पाचवी. सातवी सोंगटी पॉकेटात गेली की पाचही याद्यांतून सातवा आकडा काढायचा. एका यादीतून राहिला तर काळ्या सोंगटीला पांढरीचा वेग लागतो आणि बोर्डवर भुताटकी सुरू होते. क्लास केला की प्रत्येक सोंगटी आपली जागा, वेग, रंग स्वतःजवळ बाळगते. ती गेली की सगळं तिच्याबरोबर गेलं. पायथन ३ मध्ये नावं देवनागरीतही चालतात, म्हणून मी सरळ ‘सोंगटी’ असंच लिहिलं.

वाद झाला तो स्ट्रायकरवरून. भाचा पुण्यात बीसीए करतो, सुट्टीत आला होता. कोडवर नजर टाकून म्हणाला, “मावशी, स्ट्रायकर सोंगटीपासूनच इन्हेरिट कर की. गोलच तर आहे, जरा मोठा.”

“अरे, सोंगटी पॉकेटात गेली तर पॉइंट मिळतो. स्ट्रायकर गेला तर?”

“फाउल. मग तेवढी मेथड ओव्हरराइड कर.” (मेथड म्हणजे क्लासला येणारं एक काम, ओव्हरराइड म्हणजे वारशाने आलेलं ते काम आपल्यापुरतं बदलणं.)

“आणि बोर्डवर किती सोंगट्या उरल्या ते मोजताना त्याला दर वेळी वगळत बसू?”

त्याला ते फारसं पटलं नाही. त्यांना परीक्षेत इन्हेरिटन्सला मार्क असतात. पण मला वाटतं, दोन वस्तू दिसायला सारख्या आहेत एवढ्यावर एकीला दुसरीच्या पोटी घालणं ही या विषयातली सगळ्यात महागात पडणारी सवय आहे. शेवटी मी ‘चकती’ नावाचा वेगळा क्लास केला. जागा, वेग, त्रिज्या, वस्तुमान, स्वतःला कॅनव्हासवर काढणं आणि सरकणं, एवढंच त्याच्यात. सोंगटी ही चकती, स्ट्रायकर हीसुद्धा चकती. एकमेकांशी त्यांचं नातं भावंडांचं. सोंगटीला वर रंग, स्ट्रायकरला नेम.

मापं खरी घेतली. बोर्ड आतून ७४ सेंटीमीटर, सोंगटीचा व्यास सुमारे ३.१, स्ट्रायकरचा जास्तीत जास्त ४.१३. सोंगटीचं वजन ५ ते ५.५ ग्रॅम, स्ट्रायकर १५ ग्रॅमपर्यंत चालतो. सेंटीमीटरला १० पिक्सेल धरले तर माझ्या ७६८ पिक्सेल उंचीच्या लॅपटॉपवर बोर्डची खालची कड टास्कबारमागे जाते, म्हणून ८ धरले. चकतीला मात्र पिक्सेल ठाऊकच नाहीत. ती मिलिमीटरमध्ये जगते, काढायच्या वेळी फक्त गुणाकार होतो.

मग पावडरचा प्रश्न. सोंगटी हळूहळू थांबते ती घर्षणाने. घर्षणाचा आकडा कुठे ठेवायचा? पहिला विचार येतो चकतीत, कारण थांबते ती. पण आपण बोरिक पावडर कशावर भुरभुरवतो? बोर्डवर. पावडर कमी झाली की सगळ्याच सोंगट्या एकदम जड चालतात. म्हणजे आकडा बोर्डच्या क्लासचा. कडेवर आपटून किती उसळी मिळते, तेही बोर्डचंच. इथे एक फिजिक्सची टीप: बरेच नमुना प्रोग्रॅम दर पावलाला, म्हणजे चित्र पुढे सरकवायच्या प्रत्येक टप्प्याला, वेगाला ०.९८ने गुणतात. त्यामुळे सोंगटी पाण्यावर तरंगत असल्यासारखी शेवटपर्यंत रेंगाळते. कोरड्या घर्षणात मंदन (वेग कमी होण्याचा दर) कायम असतं, दर पावलाला वेगातून ठरावीक आकडा वजा करायचा. मग सोंगटी थांबते तशी थांबते, घरच्या बोर्डवर थांबते तश्शी.

टक्कर कोणाची, हा त्याहून अवघड प्रश्न. प्रत्येक चकतीने ‘मी कोणाला धडकले का’ असं बघायचं ठरवलं तर क धडकते ख ला आणि ख धडकते क ला, एकच टक्कर दोनदा हिशोबात येते. वेगांची अदलाबदल होते, लगेच परत होते, आणि सोंगट्या एकमेकींतून आरपार जातात. टक्कर दोघींमधली आहे, एकीची नाही. म्हणून जोड्या तपासायचं काम बोर्डकडे दिलं. २० चकत्या, १९० जोड्या, दर २० मिलिसेकंदांनी एकदा. पायथनला ते जड जात नाही. फक्त स्ट्रायकर सेकंदाला ३ मीटर वेगाने सुटला तर २० मिलिसेकंदांत ६० मिलिमीटर जातो, म्हणजे कडेने लागायची सोंगटी असेल तर तिला न शिवता पलीकडे. यासाठी प्रत्येक पावलाचे १० तुकडे केले.

आणि मग तो शॉट. सोंगटीने सोंगटीला बरोबर मधोमध मारलं की पहिली जागच्या जागी थांबते, दुसरी तिचा वेग घेऊन निघते. स्ट्रायकरने मारलं की तो थांबत नाही. अर्ध्या वेगाने मागोमाग जातो आणि सोंगटी त्याच्या मूळ वेगाच्या दीडपटीने पळते. स्ट्रायकरच्या क्लासमध्ये याबद्दल एक अक्षर नाही. तिथे १५ ग्रॅम आणि सोंगटीकडे ५ ग्रॅम एवढंच लिहिलंय, बाकी सगळं बोर्डमधल्या त्याच एका मेथडमधून येतं. वर्गात हे सूत्र मी फळ्यावर किती वेळा सोडवलंय, पण ते असं पळताना पाहणं निराळंच.

हे माझं वेड काही नवं नाही, हे मागाहून कळलं. क्लास ही कल्पना मुळात सिम्युलेशनसाठीच, म्हणजे खऱ्या गोष्टींची कॉम्प्युटरवर नक्कल करण्यासाठीच, पुढे आली. ऑस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांनी सिम्युला ६७ ही भाषा केली, त्यातून. आणि त्याआधी, १९६३ मध्ये, आयव्हन सदरलँडच्या स्केचपॅड या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये एक मूळ चित्र बदललं की त्याच्या सगळ्या प्रती बदलत. म्हणजे सिम्युलेशन आणि चित्रं आधीपासून होती, कुत्रा मागाहून आला.

राणीचा निकाल भाच्याने लावला, त्याचं श्रेय त्याला. मी राणीच्या क्लासमध्ये ‘कव्हर झालं का’ असं लिहायला घेतलं तर म्हणाला, “राणीला कशाला माहीत असायला हवं? कव्हर झालं का ते खेळणारे बघतात.” बरोबर आहे. ‘खेळ’ असा एक क्लास आला. पाळी, फाउल, कव्हर सगळं तिकडे. राणी आता फक्त लाल सोंगटी आहे.

चकती आणि बोर्ड वेगळ्या फाइलमध्ये होते, त्याचा उपयोग बारावीला कायनेटिक थिअरी (वायूच्या रेणूंच्या हालचालीचा धडा) शिकवताना झाला. बोर्डला घर्षण शून्य दिलं, कडेची उसळी पूर्ण, पॉकेटांची यादी रिकामी. ‘खेळ’ आणलाच नाही. दोन्ही फाइलींत एक ओळही न बदलता बोर्डची डबी झाली आणि चकत्यांचे रेणू. सगळ्यांना सारखाच वेग देऊन सोडलं. थोड्याच वेळात काही जवळजवळ थबकल्या, काही सुसाट सुटल्या, एकूण गतिज ऊर्जा मात्र तीच. मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, स्ट्रायकर टाका ना त्यात!” टाकला. तिप्पट वस्तुमान, म्हणजे बराच वेळ चालू ठेवल्यावर त्याचा आरएमएस वेग (वेगांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) बाकीच्यांच्या सुमारे ०.५८ पट यायला हवा. बेल होईपर्यंत ०.६१ आला होता. मुलांना तो प्रोग्रॅम दुसऱ्या दिवशी पुन्हा चालवायचा होता.