मोटरहोममध्ये पाणी कुठे कुठे दडून बसतं

सोलापुरातली थंडी म्हणजे जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या आसपासच्या पहाटा. पारा जरा खाली आला की कपाटातल्या चादरी बाहेर निघतात आणि आंघोळीचं पाणी थोडं जास्त तापवतात, एवढंच. थंडीमुळे नळ फुटतो किंवा पंपाला तडा जातो हे आपल्या ध्यानीमनीही नसतं. आपली भीती उन्हाची. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला आलं की हात भाजतो.

इकडे अमेरिकेतल्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन किंवा कॅनडाच्या बहुतेक भागात जानेवारीत उणे २० सेल्सिअस ही बातमी होत नाही. घराला हीटिंग असतं, पण घराबाहेर उभ्या असलेल्या मोटरहोमला ते नसतं. या गाडीत स्वयंपाकाचा ओटा, न्हाणी, संडास, गीझर असं सगळं असल्यामुळे तिच्या पोटात एका छोट्या घराएवढं प्लंबिंग असतं. म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास, पहिली कडक थंडी पडायच्या आत, ते सगळं कोरडं करून गाडी बंद करावी लागते. उन्हाळ्यात मुलांकडे आलेले आई-वडील ही गाडी बघतात, तिच्यातून फिरतात आणि परत गेल्यावर फोनवर विचारतात, ‘टाकी रिकामी केली की झालं ना?’ नाही होत. टाकीला तर क्वचितच काही होतं. नुकसान होतं ते टाकी रिकामी झाल्यावरही कोपऱ्याकापऱ्यात उरलेल्या पेलाभर पाण्याने.

गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं. अर्ध्या भरलेल्या पाइपात त्याला फुगायला जागा असते, तिथे काही बिघडत नाही. बिघडतं ते दोन्ही बाजूंनी कोंडलेलं पाणी गोठतं तेव्हा. पाइपात एका ठिकाणी बर्फाचा बोळा बसतो आणि तो वाढताना पुढचं पाणी बंद नळाकडे रेटतो. तिथला दाब इतका वाढतो की जे सगळ्यात कमकुवत असेल ते फुटतं. आजकालच्या गाड्यांत पेक्स या प्लास्टिकचे लवचीक पाइप असतात, ते थोडे ताणले जातात. फुटतात ते प्लास्टिकचे एल्बो, नळाच्या आतली कार्ट्रिज, फिल्टरची वाटी, पंपाच्या तोंडाची जाळी. शिवाय हे थंडीत कळत नाही. एप्रिलमध्ये पहिल्यांदा पंप सुरू केला की पलंगाखालून पाणी वाहायला लागतं.

काम सुरू होतं गीझरपासून. गॅस आणि वीज दोन्हीवर चालणारा ६ किंवा १० गॅलनचा, म्हणजे २३ किंवा ३८ लिटरचा हा गीझर आदल्या रात्रीच बंद करावा. पाणी गार झाल्यावर पंप आणि बाहेरच्या नळाची जोडणी बंद करायची आणि गरम पाण्याची एक तोटी उघडून दाब सोडायचा. त्यानंतरच गीझरचा खालचा प्लग काढायचा. गरम आणि दाबाखाली असताना प्लग काढला तर उकळत्या पाण्याची चिळकांडी थेट अंगावर येते, तेव्हा इथे घाई नको. सबर्बन कंपनीच्या गीझरची टाकी आतून काचेचा लेप दिलेल्या पोलादाची असते आणि तिच्या प्लगलाच अॅनोड रॉड जोडलेला असतो. तो काढायला १ १/१६ इंचाचा सॉकेट लागतो. रॉड बाहेर आला की नीट बघा. तीन चतुर्थांश झिजला असेल तर वसंतात नवा घाला, कारण टाकीला गंज लागू नये म्हणून स्वतः झिजायचं हेच त्याचं काम आहे. अॅटवुड कंपनीच्या गीझरची टाकी अॅल्युमिनियमची असते. तिला साधा प्लास्टिकचा प्लग असतो आणि अॅनोड लागत नाही. कोणी हौसेने बसवू म्हटलं तरी बसवू नये.

गीझरच्या विजेच्या बटणाला चिकटपट्टी लावून ठेवा, किंवा सरळ ब्रेकर पाडा. रिकाम्या टाकीत एलिमेंट सुरू झालं की ते काही सेकंदांत जळतं. घरचा रिकामा गीझर चुकून लावल्यावर होतं तेच. वसंतात गाडी उघडणारा माणूस दुसराच असू शकतो, म्हणून ही पट्टी नंतर कधीतरी नव्हे तर आत्ताच लावायची.

मग मुख्य टाकी. मध्यम गाडीत ती दीडशे ते दोनशे लिटरची असते. उजनी धरणाचं पाणी काही दिवसांआड येणाऱ्या गावात वाढलेल्या माणसाचा हात इथे अडतो. एवढं चांगलं पाणी जमिनीवर सोडायचं? सोडायचं. बागेला घाला, बादल्या भरून घरात न्या, पण टाकीत ठेवू नका. टाकीचा कॉक उघडला की गाडीच्या पोटाखालचे दोन लो पॉइंट ड्रेन, म्हणजे पाइपांच्या सगळ्यात खालच्या जागी असलेली निचऱ्याची तोंडं, शोधा, एक थंड आणि एक गरम पाण्याच्या लाइनचा. ते बऱ्याचदा लाल-निळ्या टोप्यांचे असतात, पण कधी पलंगाखाली, कधी कपाटामागे लपवलेले असतात. ते उघडून गाडीतले सगळे नळ उघडे ठेवायचे, म्हणजे वरून हवा आत येते आणि पाणी ओघळून जातं. पंप पंधरा-वीस सेकंद चालवला की त्याच्या पोटातलंही बरंचसं पाणी निघतं. कोरडा पंप तेवढा वेळ चालवल्याने बिघडत नाही. अर्धा तास विसरलात तर बिघडतो.

गीझरचा बायपास, म्हणजे पाणी गीझरला वळसा घालून नेणारी जोडणी, याच वेळी फिरवायचा. मागच्या बाजूला तीन कॉक असले तर थंड आत जाणारा आणि गरम बाहेर येणारा हे दोन बंद आणि मधला उघडा. कॉकचा दांडा पाइपाच्या रेषेत असला की उघडा, आडवा असला की बंद. हे केलं नाही तर पुढे घालायचं गुलाबी अँटिफ्रीझ (पाइप गोठून फुटू न देणारा द्रव) आधी गीझरच भरत बसतं, म्हणजे सहा-दहा गॅलन विनाकारण गेले आणि गरम नळाला एक थेंब आला नाही.

आता दोन रस्ते आहेत, हवा किंवा गुलाबी द्रव, आणि इथल्या लोकांत यावरून चांगलेच वाद असतात. हवेसाठी कॉम्प्रेसर आणि गाडीच्या बाहेरच्या पाण्याच्या तोंडात आटे फिरवून बसणारा पितळी किंवा प्लास्टिकचा ब्लोआउट प्लग लागतो. दाब ३० ते ४० पीएसआय, म्हणजे मोटारीच्या चाकात भरतो तेवढाच. त्यावर गेलात तर हवेनेच सांधे सुटतील आणि बर्फाला बोल लावाल. ड्रेन आणि बाकीचे नळ बंद करून, पण एक नळ आधी उघडा ठेवूनच हवा सोडायची. एकामागून एक नळ उघडायचे, आधी थंड, मग गरम. प्रत्येकातून नुसती सुकी हवा येईपर्यंत थांबायचं, मग पुढचा. चाकात हवा भरायचा हातातला छोटा पंप इथे उपयोगाचा नाही. त्याला दाब असतो पण हवेचा लोट नसतो, त्यामुळे पाणी ढकललं न जाता हवा त्याच्यावरून निसटून जाते.

हवेच्या पद्धतीचा एक दोष आहे. बाहेरच्या तोंडातून मारलेली हवा पंपातून उलटी जात नाही, कारण पंपात एकदिशा व्हॉल्व्ह असतो. म्हणून पंप, त्याच्या तोंडाची पारदर्शक जाळीची वाटी आणि टाकीपासून पंपापर्यंतचा पाइप ओलाच राहतो. वसंतात सर्वांत जास्त फुटलेली सापडते ती हीच वाटी. म्हणून हवा मारून झाल्यावर पंपातून गुलाबी द्रवही ओढावा, असं आमचं मत. दोन्ही करायला दोन तासही लागत नाहीत आणि आधी पाणी निघून गेलेलं असल्यामुळे द्रव कमी लागतो व पातळ होत नाही.

पातळ होणं हाच या द्रवाचा मुख्य धोका. बाटलीवर उणे ५० लिहिलेलं असतं, ते फॅरनहाइट, म्हणजे सुमारे उणे ४६ सेल्सिअस, आणि तेही पाइप फुटण्यापासून संरक्षणाची मर्यादा म्हणून. उणे १०-१२ सेल्सिअसलाच तो चिखलासारखा घट्ट होऊ लागतो. त्याने बिघडत नाही, कारण तो कडक होऊन जोरात फुगत नाही. पण त्यात पाइपातलं पाणी मिसळलं की ही मर्यादा वर चढते. त्यामुळे मुख्य टाकीत द्रव ओतून पंपाने खेचायची आयती सुचणारी युक्ती करू नका. टाकीच्या तळाशी काही लिटर पाणी नेहमीच उरतं. पंपाच्या आधी तिहेरी कॉक आणि एक लहान नळी बसवलेली असते. नसली तर टाकीकडून येणारा पाइप सोडून तिथे अर्ध्या इंचाची नळी लावा आणि तिचं दुसरं टोक थेट बाटलीत बुडवा. मध्यम गाडीला २ ते ३ गॅलन, म्हणजे साडेसात ते साडेअकरा लिटर पुरतात. कपडे धुण्याचं मशीन किंवा बर्फाचा, म्हणजे आपोआप बर्फ करणारा, फ्रीज असेल तर जास्त धरा.

विकत घेताना बाटलीचा रंग नव्हे, मागचं लेबल वाचा. प्रॉपिलीन ग्लायकॉल हवं. मोटारीच्या रेडिएटरचं कूलंट इथिलीन ग्लायकॉलचं असतं, ते विषारी आणि चवीला गोड, त्यामुळे लहान मुलांना आणि कुत्र्यांना फार घातक. काही कूलंटही गुलाबी मिळतात. स्वस्त बाटल्यांत इथेनॉल मिसळलेलं असतं, ते पेट घेतं आणि रबराचे वायसर कोरडे करतं.

पंप सुरू करून एकेक नळ गुलाबी येईपर्यंत उघडायचा. पहिल्या गुलाबी थेंबावर समाधान मानू नका, रंग गडद होईपर्यंत जाऊ द्या. त्याआधी पाण्याच्या फिल्टरची कार्ट्रिज काढून रिकामी वाटी परत लावलेली असायला हवी, कारण कोळशाच्या फिल्टरला ग्लायकॉलचा वास बसला की तो फेकूनच द्यावा लागतो. आता लपलेल्या जागा. गाडीबाहेरच्या शॉवरच्या दोन्ही तोट्या, ज्या माणूस बहुधा विसरतो. संडासाचा पाण्याचा व्हॉल्व्ह, म्हणून फ्लश दाबून भांड्यात गुलाबी येऊ द्यायचं आणि थोडं तिथेच राहू द्यायचं, म्हणजे तळाचं रबर ओलं राहतं. हातात धरायच्या शॉवरची लोंबकळती नळी, ती खाली सोडून ठेवा. मैल्याच्या टाकीला आतून धुवायची वेगळी लाइन असेल तर ती पंपाशी जोडलेली नसते; तिला बाहेरून हवाच मारावी लागते. बर्फाच्या फ्रीजचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह त्याच्या मागे असतो, तो एकदा तरी उघडून द्रव पुढे गेला पाहिजे. कपडे धुण्याच्या मशीनला थंड-गरम दोन्हीकडून काही सेकंद भरू द्या, मग पाणी फेकण्याची फेरी चालवा. शेवटी बाहेरच्या पाण्याच्या तोंडातली जाळी काढा. पंप बंद करून, नळ उघडून दाब सोडल्यावर आतला छोटा एकदिशा व्हॉल्व्ह बोटाने दाबा. दाब असताना दाबला तर रबरी कडी उडून जाते, आणि अंधाऱ्या गॅरेजमध्ये ती शोधणं वैतागाचं असतं.

सांडपाण्याच्या टाक्या गावातल्या अधिकृत डंप स्टेशनवर आधी मैल्याची, मग भांडी-आंघोळीच्या पाण्याची अशा क्रमाने रिकाम्या करायच्या, म्हणजे दुसऱ्या टाकीच्या पाण्याने नळी धुऊन निघते. नंतर प्रत्येक टाकीत लिटरभर गुलाबी द्रव ओता, तो टाकीच्या सरकत्या झडपेचं रबर थंडीत चिकटू देत नाही. सिंक आणि शॉवरच्या खालच्या वाकड्या पाइपात पाव ते अर्धा लिटर पुरतो. वापरून उरलेल्या बाटल्या झाकण लावून पुढच्या वर्षासाठी ठेवता येतात.

बॅटरीकडेही बघा. पूर्ण चार्ज असलेली लेड-अॅसिड बॅटरी इथल्या थंडीत गोठत नाही, पण पूर्ण उतरलेली शून्याच्या जरा खालीच गोठते आणि तिचा डबा फुगतो. चार्ज करून वायर काढून ठेवली की काम झालं.

मार्च-एप्रिलमध्ये गाडी उघडताना बायपास अजून तसाच ठेवून ताजं पाणी सोडायचं आणि फेस व रंग जाईपर्यंत सगळे नळ वाहू द्यायचे. मगच बायपास परत फिरवून गीझर भरायचा. गीझरच्या गरम नळातून सलग पाणी येईपर्यंत बटणावरची चिकटपट्टी काढायची नाही. त्यानंतर सुगंध न घातलेलं घरगुती ब्लीच, ६० लिटर पाण्याला ६० मिलिलिटर, टाकीत मिसळून ते प्रत्येक नळापर्यंत न्या, रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वास जाईपर्यंत धुवा. फिल्टरची नवी कार्ट्रिज यानंतरच. बर्फाचा फ्रीज असेल तर पहिले दोन-तीन घाणे गुलाबीसर निघतात, ते टाकून द्या.