पेझलीचा धागा, हॅरिसचं कापड

इचलकरंजीत वाढलेल्या माणसाला मागाचा आवाज ऐकू येत नाही. तो थांबला की कळतं. लाईट गेली की अख्खी गल्ली एकदम गप्प व्हायची आणि आम्ही पोरं बाहेर धावायचो. म्हणून स्कॉटलंडला जायचं ठरलं तेव्हा किल्ले आणि तळी बाकीच्यांना बघू दे म्हटलं. मला माग बघायचे होते.

सुरुवात ग्लासगोजवळच्या पेझलीपासून केली. आपल्या कोयरीला जगभर 'पेझली' म्हणतात ते या गावामुळे. काश्मिरी शालींचं युरोपात वेड लागलं, त्या परवडेनात, तेव्हा एकोणिसाव्या शतकात इथल्या विणकरांनी तशाच शाली विणायला घेतल्या आणि नक्षीला गावाचं नाव चिकटलं. खरं सांगायचं तर या गोष्टीचा मला लहानपणापासून राग होता. तो 'स्मा शॉट कॉटेजेस' या जुन्या विणकरघरांत निवळला.

'स्मा शॉट' म्हणजे बारीक धागा. शालीचे रंगीत आडवे धागे जागच्या जागी धरून ठेवायला तो घालावाच लागे, नाहीतर वीण विस्कटायची. पण तयार शालीत तो दिसत नसे. दिसत नाही म्हणून मालक त्याचे पैसे देत नसत, आणि विणकर तो पदरमोड करून विकत घेत. यावरून विणकर झगडत राहिले आणि 1856 मध्ये मालकांना नमावं लागलं. आजही जुलैच्या पहिल्या शनिवारी पेझलीत त्या विजयाची मिरवणूक निघते, पुढे ढोल असतो. मी त्या विणकरघरातल्या मागापुढे बराच वेळ उभी राहिले. आमच्या गल्लीतल्या, आडव्या सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका डोळ्यांपुढे आल्या. कापडाचं कौतुक होतं तेव्हा त्यांचं नाव कोण घेतं?

मग उत्तरेला. अलापूलहून बोटीनं पावणेतीन तासांत स्टॉर्नोवे. लुईस आणि हॅरिस अशी दोन नावं असली तरी बेट एकच. झाडं नाहीत म्हटलं तरी चालेल. नुसता वारा, तिरका पाऊस, काळपट दलदल आणि मेंढ्या. रविवारी जवळपास सगळं बंद, त्यामुळे तो दिवस चालण्यात गेला.

इथल्या लोकरी कापडाला, हॅरिस ट्वीडला, स्वतःचा कायदा आहे, ब्रिटिश संसदेनं 1993 मध्ये केलेला. लोकर आउटर हेब्रिडीज या इथल्या बेटसमूहातच रंगवायची, इथेच कातायची, कापडावरचं शेवटचं कामही इथेच करायचं. आणि विणायचं इथल्या माणसानं, हातानं, स्वतःच्या घरी. 'स्वतःच्या घरी' हे शब्द कायद्यात आहेत. गिरणीच्या आवारात दोनशे माग टाकून कुणालाही हे नाव लावता येत नाही.

एका विणकरानं त्याची शेड दाखवली. घरामागे पत्र्याची खोली, खिडकीतून समुद्र. माग दुहेरी पन्ह्याचा, त्याला आडवा धागा नेणारा धोटा नाही. बसायला सीट आणि खाली सायकलसारखी पायडलं. वीज लागते ती दिव्यापुरती. गिरणीची गाडी ताण्याचा बीम आणि सूत आणून टाकते आणि विणलेलं कापड घेऊन जाते. कोपऱ्यात वडिलांचा जुना, धोट्याचा हॅटर्स्ली माग होता, तो त्यानं माझ्यासाठी चालवला. धोटा इकडून तिकडे आपटला आणि माझ्या अंगावर काटा आला. तोच आवाज. फक्त एकच माग, आणि मधल्या फटीतून वारा ऐकू येत होता.

मग मी पायडलं मारली. दहा मिनिटांत मांड्या भरून आल्या. तेवढ्यात एक धागा तुटला. त्यानं वाकून गाठ मारली. बोटं कधी फिरली ते कळलंसुद्धा नाही. आमचे जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, अशीच मारतात.

मी यंत्रमागाच्या कमाईवर शिकले, त्यामुळे यंत्राला नावं ठेवणार नाही. पण येवल्याची हातमागाची पैठणी आणि यंत्रमागावरची पैठणी एकाच दुकानात शेजारी शेजारी टांगलेली बघितली आहे, आणि हातमागवाल्याला रोज काय पटवून द्यावं लागतं तेही. असा कडक कायदा आणि तो रोज पाळणारी माणसं बघून मला हेवा वाटला.

शेवटी शॉबोस्ट गावातली ट्वीडची गिरणी, आधी परवानगी काढून. इथे सूत रंगवत नाहीत, लोकर रंगवतात. मग कोल्हापुरी चटणीचा मसाला जोखावा तसे वेगवेगळ्या रंगांचे ढीग तोलून एकत्र पिंजतात. लांबून तपकिरी वाटणाऱ्या सुतात जवळून जांभळा, नारिंगी, शेवाळी सगळं दिसतं. तपासनीस प्रत्येक कापड बघतो आणि मगच पृथ्वीगोल आणि वर क्रूस असा शिक्का उमटतो. हे चिन्ह हॅरिसच्या जमीनदारीण लेडी डनमोरच्या घराण्याचं. 1846 च्या सुमारास तिनं आपल्या घराण्याची चौकड, म्हणजे टार्टन, हॅरिसच्या विणकरांकडून विणून घेतली आणि हे कापड बड्या घरांत पोचवलं. विणणाऱ्या दोघी बहिणींना 'पेझली सिस्टर्स' म्हणत, कारण त्या विणकाम पेझलीत शिकून आल्या होत्या, असं सांगतात. हे ऐकलं तेव्हा मी पटकन वहीत लिहून घेतलं.

बाहेर पडताना एका खोलीत थांबले. उजेडापुढे कापड ताणून काही बायका सुईनं तुटलेले धागे भरत होत्या. आमच्याकडे या कामाला मेंडिंग म्हणतात, माझी आई अकरा वर्षं करत होती. त्यातल्या एकीनं दुरुस्त केलेली जागा मला शोधायला सांगितली. बोट फिरवून फिरवून पाहिलं, पण सापडली नाही. तिनं हसून माझं बोट धरलं आणि बरोबर त्या धाग्यावर ठेवलं.