तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीला क्लच का बसवला

पेट्रोल पंपावर विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. परवा तर सलाइन लावून पडलेल्या मेव्हण्यानंही विचारलं, "का बे, लोकं गिअर टाकायचा कंटाळा म्हणून ऑटोमॅटिक घेतात, आन् तू चांगल्या जर्मन गाडीला क्लच बसवलास?" आता एकदाच सांगतो.

आधी ते 'चांगल्या' काढा. सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत होम मैदानाजवळ तिचा रिव्हर्स गेला. पुढे जायची, मागे यायची नाही. अप्पा, म्हणजे वडील, स्टिअरिंगवर, मी बॉनेटला खांदा लावून. लोकांनी ही वरात मोबाइलमध्ये घेतली. दुरुस्तीचा आकडा आला ३ लाख ४० हजार. अख्खी गाडी विकून चार आले नसते. कुर्ल्याच्या भंगारात त्याच इंजिनाचा मॅन्युअल गिअरबॉक्स ६५ हजारांत मिळाला. हिशेब सरळ आहे की नाही?

नाही. नुसता बॉक्स म्हणजे निम्मंही काम नाही, हे गाडी लिफ्टवर चढल्यावर कळलं. ऑटोमॅटिकची पातळ चकती म्हणजे फ्लेक्सप्लेट काढून तिथे क्लच बसेल असं जड फ्लायव्हील, क्रँकच्या टोकाला पायलट बेअरिंग, नवे पेडल, पेडलचा दाब क्लचपर्यंत नेणारे मास्टर सिलिंडर आणि स्लेव्ह सिलिंडर. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टची लांबी जमेना, तो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कापून जोडला. पहिल्यांदा बॅलन्स चुकला, तेव्हा ऐंशीला आरसे थरथरायचे. मागच्या चाकांना फिरवणारं डिफरेन्शियल मात्र ऑटोमॅटिकचं जुनंच राहिलं, कारण पैसे संपले. ऑटोमॅटिकचा शेवटचा गिअर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्यात इंजिन शाफ्टपेक्षा सावकाश फिरतं; माझा पाचवा सरळ एकास एक, त्यामुळे पुण्याच्या रस्त्यावर इंजिन उगाच ओरडतं. पाच महिने गेले. एकूण खर्च सांगत नाही, बायको हे वाचते. आणि १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, म्हणजे कंपनीच्या गाडीत मनानं बदल करायचे नाहीत, हे ऐकवणाऱ्यांनो, ते माझंही पाठ झालंय.

तेव्हा पैशाचं कारण खोटं नव्हतं, पण पुरेसंही नव्हतं. मला क्लच हवाच होता. सहा वर्षांपूर्वी हीच गाडी आणली तेव्हा मीच सगळ्यांना सांगत फिरलो होतो की डाव्या पायाला काम देणं हा मागासपणा आहे. तो शहाणा आज भेटला तर त्याला काय सांगू? डावा पाय माझा होता का, हेही त्यानंच विचारलं असतं. गाडी घेतली होती अप्पांच्या डाव्या गुडघ्यासाठी. दर गुरुवारी अक्कलकोटला ते स्वतः चालवत जायचे.

ऑटोमॅटिकमध्ये पार्क किंवा न्यूट्रल नसेल तर स्टार्टर फिरतच नाही. नव्या बॉक्सवर तो स्विच नव्हता. मिस्त्री म्हणाला, क्लच दाबल्यावरच स्टार्टर फिरेल असा स्विच बसवू. मी म्हणालो, नंतर बघू, आता वायरी जोडून टाक. त्या जोडल्या. मग गाडी कोणत्याही गिअरमध्ये असो, चावी फिरली की स्टार्टर फिरणार.

मे महिना होता. मी गाडी पहिल्यात टाकून उतरलो, हँडब्रेक ओढला नाही. अप्पा म्हणाले, "उन्हात आहे रे, सावलीत घेतो." मी मोबाइलमध्ये होतो, हो म्हणालो. क्लच बसवलाय हे त्यांना माहीत होतं, पण हाताची सवय सहा वर्षांची. ब्रेकवर पाय नाही, चावी फिरवली. गाडीनं उडी मारली. गेटचं एक दार, एक हेडलाइट, आईची तुळशीची कुंडी. मी धावलो तर अप्पांनी चावी अजून तशीच धरलेली, हात थरथरतोय. लागलं कुणालाच नाही. ते उतरले, कुंडीची खापरं गोळा करायला लागले आणि म्हणाले, "माझंच चुकलं."

मी काही बोललो नाही.

आठ दिवस बोललो नाही. शेजारी विचारायचे, अप्पा सांगायचे, "वय झालं." मी बाजूला उभा. नवव्या दिवशी वायरींचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "स्विच केवढ्याला येतो?" अडीचशे रुपयांना येतो. आता बसवलाय. पण त्यांनी पुन्हा चावी घेतली नाही, आणि घेतली असती तरी त्या गुडघ्यानं हा क्लच दाबला गेला नसता, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मग पस्तावलास का? विचारू नका, रोज वेगळं उत्तर येतं.

गुरुवारी मीच त्यांना नेतो. वळसंगच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला की मी चौथ्यातून तिसऱ्यात घेतो, गरज नसताना. अप्पा माझ्या डाव्या पायाकडे बघत असतात.