माहुलीच्या पायथ्याशी एक रात्र: घशाला लागलेली शेवळं आणि ‘दोन मिनिटांची’ वाट

घाईत असाल तर एवढंच वाचा. जेवायला जरूर जा, पण स्वयंपाक कोण करणार हे विचारल्याशिवाय ॲडव्हान्स पाठवू नका. घरातलं वयस्कर माणूस पावसात तिथे नेऊ नका. आणि दर ठरला की त्यात काय काय धरलंय ते मेसेजवर लिहून घ्या.

मुक्कामाच्या जागेचं नाव लिहीत नाही. आसनगावहून माहुली गावाच्या दिशेला, माहुली गडाच्या डोंगराच्या पोटाशी, पाच खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. तिकडे फिरणाऱ्यांना एवढ्यावरून कळेल.

आम्ही गेलो ते शेवळांसाठी, म्हणजे पहिल्या पावसात उगवणाऱ्या रानभाजीसाठी. आम्ही ठाण्याच्या चरईतले सीकेपी. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की जांभळी नाक्याला शेवळांच्या जुड्या दिसायला लागतात आणि आमच्या घरातली बाकीची सगळी बोलणी बंद होतात. मालक फोनवर म्हणाला, “ताई, शेवळं आमच्याच डोंगरातली, चुलीवर करतो, हातसडीचा तांदूळ, गावठी कोंबडी. गाडीरस्त्यापासून दोन मिनिटं.” ऐकून सासूबाईसुद्धा तयार झाल्या. वय एकाहत्तर, आणि एरवी त्यांचा प्रवास तलावपाळीच्या पुढे जात नाही. मी, नवरा, नणंद, तिचा मुलगा आणि सासूबाई अशी पाच डोकी. माणशी १,५०० रुपये, त्यात दोन जेवणं, नाश्ता, चहा.

ठाण्याहून कसारा किंवा आसनगाव लोकल धरायची. सव्वा तासाच्या आसपास लागतो. कल्याणच्या पुढे गाड्या मोजक्याच, एक चुकली की बसा. रविवारी परतायचं असेल तर मेगाब्लॉक आधी बघून ठेवा. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने ३०० घेतले. पावसाला निमित्त करून ४०० मागत होता. एवढंच, प्रवासात सांगण्यासारखं काही नाही.

आता ती दोन मिनिटं.

रिक्षा एका वळणावर थांबते. पुढे लाल मातीचा चढ, मध्ये मध्ये काळा कातळ, त्याच्यावर नुकतं धरलेलं शेवाळ. पायऱ्या म्हणून कुणीतरी दगड लावलेत, पण त्यातला प्रत्येक तिसरा हलतो. डाव्या हाताला ओहोळ, आणि तो वाटेलाच वाट समजून खाली येतो. ट्रेक करणाऱ्या माणसाला ही वाट दहा मिनिटांची, त्याच्या बुटांना पकड असेल तर. नसेल तर तुम्ही मुळात पावसाळ्यात माहुलीला का आलात, हा माझा प्रश्न आहे. पण सासूबाईंना आम्हाला तिघांनी धरून न्यावं लागलं. एक पुढे, एक मागे, भाचा ओहोळाच्या बाजूला. पंचेचाळीस मिनिटं. एकदा त्या बसल्या त्या उठेचनात. म्हणाल्या, “इथेच आणून द्या मला ताट.” मालकाला फोन केला, तर म्हणतो, “अहो, गावातली म्हातारी माणसं दिवसातून चार वेळा करतात.” करत असतील. सामान न्यायला माणूस पाठवा म्हटलं तर बॅगेमागे ५० रुपये. मी नाही म्हटलं आणि तीन बॅगा स्वतः उचलल्या. तो हट्ट दुसऱ्या दिवशीपर्यंत माझ्या खांद्यात होता.

तुम्हाला करायचंच असेल तर अंधाराच्या आत पोहोचा. बॅग पाठीवर, दोन्ही हात मोकळे. छत्री नको, रेनकोट. काठी घरून न्या, तिथे वाटेत पडलेल्या सगळ्या काठ्या कुजक्या.

रात्रीच्या जेवणाचं काय सांगू. कोंबडी गावठी होती, पण वर तोच लालभडक तेलाचा तवंग, जो हायवेवरच्या कुठल्याही ढाब्यावर मिळतो. हातसडीचा म्हणून आलेला भात पांढराशुभ्र. मग शेवळं आली. रंग बरा, वासही बरा. सासूबाईंनी पहिला घास घेतला, थांबल्या, आणि इतकंच विचारलं: “काकड कुठाय?”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शेवळ हा रानातला कंद फुटून वर आलेला कोंब. त्यात घशाला खाजवणारे बारीक स्फटिक असतात, सुरणात किंवा अळूत असतात तसेच. म्हणून बाहेरची पानं सोलून आतला पिवळा दांडा काढून टाकायचा, बारीक चिरून तेलावर चांगलं परतायचं आणि आंबट घालायचंच घालायचं. त्यासाठी काकड नावाची छोटी हिरवी आंबट फळं शेवळांबरोबरच बाजारात येतात. ती ठेचून त्यांचा रस घालतात. अगदीच नसतील तर चिंच. आमच्याकडे वर सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, किंवा खिमा. ह्यात तडजोड नाही. इथल्या आचाऱ्याने पिवळा दांडा ठेवला होता आणि आंबट म्हणून टोमॅटो. टोमॅटो!

पाच मिनिटांत पाचही जणांचे घसे धरले. भाचा पाण्यावर पाणी पीत होता, आणि त्याने काही होत नाही. मालक येऊन म्हणाला, “पहिल्यांदा खाताय का शेवळं? होतं तसं, सवय नसली की.”

हे त्याने माझ्या सासूबाईंना सांगितलं. एकाहत्तर पावसाळे शेवळं खाल्लेल्या बाईंना.

त्यांनी ताट सरकवलं आणि सरळ आत, चुलीपाशी गेल्या. तिथे एक मावशी भांडी घासत बसल्या होत्या, खालच्या पाड्यावरच्या. त्यांनी सासूबाईंचं तोंड बघूनच ओळखलं, डब्यातून चिंच काढून दिली आणि म्हणाल्या, “मी सांगत व्हते त्याला. आयकतो कुठं.” आचारी तालुक्याबाहेरचा, शनिवार-रविवारपुरता बोलावलेला. मावशी सोमवार ते शुक्रवार स्वयंपाक करतात आणि शनिवार-रविवारी भांडी घासतात. गिऱ्हाईक जास्त असतं तेव्हा कमी जाणतं माणूस चुलीपाशी, हा हिशोब मला अजून लागलेला नाही.

त्यांच्या स्वतःच्या घरच्यासाठी बाजूच्या चुलीवर मुठ्यांचं कालवण उकळत होतं. पहिल्या पावसात ओढ्यातून निघणारे खेकडे ते, मुलाने आणलेले. त्यांनी विचारलं नाही, पाच वाट्या भरल्या. वर तव्यावरून थेट तांदळाची भाकरी, कडेला जरा करपलेली, मधे फुगलेली. चुलीपुढे जमिनीवर बसून, धुराने डोळे चोळत जेवलो. ह्या सबंध प्रवासातलं खरं जेवण तेवढंच, आणि ते मेनूत नव्हतं. पैसे घेतले नाहीत. सासूबाईंनी फार आग्रह केला तेव्हा म्हणाल्या, “तुम्ही काय हाटेलात आलाय का? माझ्या चुलीला आलाय.”

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं गड करून आलो. छान झाला. पहाटे लवकर निघालो, वरच्या टप्प्यावरची लोखंडी शिडी ओली होती पण घट्ट आहे, ढग सरकले तेव्हा नवरा-नवरीचे सुळके दिसले. गडाच्या वाटेवर लिहिलेलं भरपूर सापडेल. १६३६ साली शहाजीराजांना ह्याच गडावर वेढा पडला होता. खाली उतरून बिल बघितल्यावर मला त्यांची फार आठवण झाली.

७,५०० कबूल. कोंबडी वेगळी, १,२००. “जेवण धरून म्हणजे शाकाहारी, ताई.” बरं. ‘शेवळं स्पेशल’ दोन प्लेट, ७००. पाण्याच्या सहा बाटल्या, छापील वीसच्या चाळीसने, २४०. शेकोटी ५००. ती आम्ही मागितली नव्हती. पावसात पडवीत ओली लाकडं पेटवून त्याने आमच्याच डोळ्यांत धूर घातला होता. आणि आंघोळीचं गरम पाणी, बादलीला ५०, पाच बादल्या २५०. वर १० टक्के सर्व्हिस. एकूण ११,४२९.

त्या बादलीवर मी अडून बसले. रक्कम लहान आहे, माहीत आहे. पण तानसा आणि भातसा दोन्ही ह्याच शहापूर तालुक्यात. १८९२ साली पुरं झालेलं तानसाचं धरण तेव्हापासून मुंबईची तहान भागवतंय, भातसाचं पाणी आम्ही ठाणेकरही पितो, आणि इथल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात. मावशी पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत डोक्यावरून हंडे आणत होत्या. आमच्या पाच बादल्याही त्यांनीच ओढून तापवल्या. त्या ५० मधले त्यांना किती, असं मी मालकाला विचारलं. तो मोबाईलमध्ये बघायला लागला.

शेकोटी, बादल्या आणि सर्व्हिस काढायला लावली. बाटल्या छापील किमतीला. शेवळांचे पैसे सासूबाईंनी द्यायचे नाहीत म्हणून सांगितलं आणि त्यांच्यापुढे कुणाचं चालत नाही. ८,८२० दिले. आवाज न चढवता हे सगळं होतं, फक्त गर्दी निघायच्या वेळेला काउंटरवर उभं राहून शांतपणे एक-एक ओळ मोठ्याने वाचायची. मागचे दोन ग्रुपही मग आपापली बिलं वाचायला लागले.

खोल्यांबद्दल विचाराल तर गाद्या दमट, पांघरुणं घरून न्या. संडास स्वच्छ होता, हे कबूल करते. मोबाईलला रेंज फक्त पडवीच्या उजव्या खांबापाशी, तेव्हा पैसे रोख ठेवा.

एक राहिलं. आम्ही गडावर असताना सासूबाईंनी मावशींना घेऊन मागच्या रानातून काकडं आणली आणि उरलेली शेवळं पुन्हा पहिल्यापासून केली, सुकट घालून. सोडे नव्हते. आम्ही उतरलो तेव्हा दोघी पडवीत बसून पातेलं झाकून आमची वाट बघत होत्या, आणि वाटेत बसून ताट मागणाऱ्या त्याच बाई मला सांगत होत्या की पुढच्या जूनला सोडे घेऊन यायचं आहे, मंगळवारी किंवा बुधवारी. चढाचं विचारलं तर म्हणाल्या, “बघू.”

तुम्हीही मधल्या वारी जा.